भोंगा थांबला, पाटी राहिली

धुळे हे शहर दोनदा नव्याने उठले आहे. 1802 मध्ये होळकरांच्या फौजा खान्देश लुटत गेल्या आणि पाठोपाठ 1803 चा दुष्काळ आला. जे लुटीतून वाचले ते दुष्काळाने नेले आणि धुळे ओस पडले. पुढच्या वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी इथे पुन्हा माणसे आणून बसवली. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन आणि हक्क मिळाले, सोनगीर व लळिंग भागाचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी आपले ठाणे धुळ्यातच ठेवले.

दुसऱ्या खेपेस गाव उठवले ते कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदाराने. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर खान्देश त्याच्या ताब्यात आला. जानेवारी 1819 मध्ये त्याने मुलकी आणि न्यायाच्या कामासाठी कचेऱ्या बांधण्याची परवानगी मिळवली. तेव्हा धुळ्यात 401 घरे होती आणि माणसे 2,509. एका अंगाला पांझरा नदी, दुसऱ्या अंगाला पाट, भोवती बागाईत आणि मधे हे एवढेसे गाव. ब्रिग्जने कारागीर दूरदूरच्या गावांहून आणवले. येऊन राहू इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याला घरासाठी जागा दिली ती कायमची बिनभाड्याने. जुना रहिवासी असो की परगावचा, पक्के घर बांधायला त्याला उचलही दिली. धुळेकर आजही पत्ता सांगतो तो गल्लीच्या नंबराने, आणि नवख्या माणसाला त्या आखीव गल्ल्यांत वाट चुकायला फार कष्ट पडतात.

यातली हिशेबाची बाजू बघण्यासारखी आहे. ब्रिग्जने आधी कचेरी आणली, म्हणजे आधी काम आणले. कचेरीमागून कारकून आले, कारकुनांमागून वकील, वाणी, शिंपी, खाणावळवाले. घरे त्या कामाच्या आधाराने उभी राहिली. गावाला रोजचे काम मिळाले म्हणून 1872 च्या सप्टेंबरात पांझरेच्या महापुराने घरादारांची मोठी नासाडी केली तरी धुळे पुन्हा ओस पडले नाही.

पांझरेच्याच काठी याहून जुना दाखला आहे. या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते. सहसा चार फड. एका फडात त्या हंगामी एकच पीक, पुढच्या हंगामी पिकांची फिरती पाळी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि वर्षातून एकदा गावाने मिळून पाटातला गाळ काढायचा. ही फड पद्धत कित्येक शतके चालत आली. तरुण विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते याच खोऱ्यातले: दातर्तीजवळ पाटाचे पाणी नळाच्या सायफनने पलीकडे नेण्याचे. या बंधाऱ्यांवर पुरातत्त्व खात्याने राखणदार ठेवले नव्हते. त्यांच्या पाण्यावर ऊस भिजत होता, म्हणून ज्याचा ऊस तोच डागडुजीला येत होता. जिथे विहिरी आणि पंप आले, पाण्यासाठी एकमेकांवर अवलंबून राहणे संपले, तिथे पाट बुजत गेले.

खान्देशच्या गिरण्यांची गोष्ट या दोन दाखल्यांच्या उजेडात वाचावी.

ती सुरू होते परक्यांच्या युद्धापासून. 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची जुंपली. दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. लिव्हरपूलच्या बाजारात मुंबईहून जाणाऱ्या रुईचे भाव तिपटीच्या पुढे गेले. नेमक्या त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खान्देशात येऊन पोहोचत होते. काळी जमीन होतीच, आता दारात आगगाडी आली. खान्देशचे कलेक्टर अॅशबर्नर यांनी गावठी वाण हटवून हिंगणघाटचे बियाणे पेरण्याचा धडाका लावला. जळगाव तोवर चारचौघांसारखे गाव होते, ते या चार वर्षांत कापसाची पेठ झाले. एरंडोल, धरणगाव, अमळनेरकडून बैलगाड्यांच्या रांगा स्टेशनाकडे येऊ लागल्या.

1865 मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, इकडे जळगावचे व्यापारी हबकले. पण रूळ उखडले गेले नाहीत, जमीनही काळीच राहिली. व्यापार हळूहळू सावरला. कलेक्टर पोलन यांच्या नावाने नवी पेठ वसली. ती पोलन पेठ आजही जळगावच्या व्यापाराच्या मध्यावर आहे. आणि 1870 च्या दशकात मुंबईच्या मुळजी जेठा कंपनीने स्टेशनजवळ खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली. मुंबईचे मुळजी जेठा मार्केट ज्या पेढीचे, तीच ही पेढी. कापूस इथे पिकतो, इथेच पिंजला, कातला, विणला तर मुंबईपर्यंत कापूस ओढण्याचा खर्च वाचतो, असा साधा व्यापारी विचार त्यामागे होता.

जिनिंगमध्ये कापूस आला की त्यातली सरकी वेगळी होते. वजनाने बघितले तर कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा, उरलेले दोन हिस्से सरकी. म्हणून जिन शेताजवळ लागते. रुई फुगीर, ती दाबून गाठ बांधली नाही तर वाघिणीत मावत नाही. म्हणून प्रेस स्टेशनाजवळ लागते. सरकीचे तेल निघते, पेंड जनावरांना जाते. म्हणून तेलघाण्या आणि गोठे त्याच्या शेजारी लागतात. खान्देशातल्या जुन्या कापूसगावांचा नकाशा या तीन वाक्यांनी आखला आहे. स्टेशन, त्याच्या अंगाला प्रेस, मग व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि गोदामे, मग गिरणी, तिच्या मागे कामगारांची वस्ती. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर ही गावे रुळाच्या बाजूने बघितली की ही मांडणी अजून ओळखू येते. पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली तीही कापसाच्या मुलखात. ती 2020 मध्ये थांबली आणि तिच्या जागी आता मोठे रूळ येत आहेत.

अमळनेरचे नाव मात्र एका माणसामुळे वेगळे झाले. मोतीलाल माणेकचंद, म्हणजे सगळ्यांचे प्रताप शेठ. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अमळनेरला प्रताप मिल काढली आणि पुढे धुळ्याला न्यू प्रताप मिल. धुळ्यात तो सगळा भाग आजही ‘मिल परिसर’ म्हणूनच ओळखला जातो. गिरणीच्या नफ्यातून प्रताप शेठांनी एक असे काम केले की ज्याचा कापसाशी काडीचा संबंध नव्हता. 1916 मध्ये त्यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले. वेदान्ताचा अभ्यास करायला देशभरातून विद्वान यावेत, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय व्हावी, हाताशी ग्रंथालय असावे, अशी कल्पना. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्ववेत्ता 1930 च्या दशकात इथे संचालक होता. घनश्यामदास मलकानी इथे आयुष्यभर राहिले आणि त्यांनी ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक चालवले. एका टोकाला साचेखात्याचा खडखडाट आणि दुसऱ्या टोकाला ब्रह्म-मायेचा वाद, असे हे तालुक्याचे गाव होते.

1923 मध्ये या मंदिरात पांडुरंग सदाशिव साने हा तरुण दाखल झाला. वर्षभराने तो तिथून निघून प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि 1930 पर्यंत तिथेच राहिला. शाळेच्या वसतिगृहात तो मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत असे. हेच साने गुरुजी 1938 मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवताना गिरणी कामगारांच्या संघटनेत उतरले. ज्या शेठच्या नावाच्या शाळेत शिकवले त्याच शेठच्या नावाच्या गिरणीतल्या कामगारांची बाजू घेतली. गावाने दोघांचीही नावे जपली. 1945 मध्ये प्रताप कॉलेज निघाले, त्याच सुमारास जळगावला मुळजी जेठा यांच्या नावाचे महाविद्यालय. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील याच मू. जे. महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी.

29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरमध्ये आणखी एक कंपनी नोंदली गेली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी भुईमुगाच्या मुलखात वनस्पती तुपाचा कारखाना घातला. ‘सनफ्लॉवर’ तूप आणि त्याच्या जोडीने ‘787’ हा कपडे धुण्याचा साबण. कंपनीने शेअर काढले तेव्हा ते अमळनेरच्या लोकांनीही घेतले. 1966 मध्ये वडील वारले आणि अझीम प्रेमजी परदेशातले शिक्षण सोडून आले. कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकाकडे वळली, आणि शेअर न विकता पेटीत ठेवून दिलेल्या अमळनेरकरांचे नशीब फळफळले. तुपासाठी काढलेल्या कंपनीने धंदा बदलला, माल बदलला, पण दिवा मालवला नाही.

कापडगिरण्यांना हे जमले नाही. यंत्रे आजोबांच्या काळची, शेजारी मालेगाव-भिवंडीचे आणि खुद्द धुळ्यातले यंत्रमाग स्वस्तात कापड विणणारे, बाजारात टेरिलीन-पॉलिएस्टर. सूत महाग, कापड पडून. एकेक करून भोंगे थांबले. थकलेल्या पगारांची, ग्रॅच्युइटीची भांडणे कोर्टात गेली आणि कामगारांची पोरे नाशिक, पुणे, सुरतेकडे निघाली. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेला आज लोक ‘खान्देश सेंट्रल’ म्हणतात. स्टेशनला लागून असलेली एवढी सलग जमीन शहरात दुसरी नाही, त्यामुळे गिरणीच्या भिंतींपेक्षा भिंतींखालच्या जमिनीला भाव आला. मुंबईत तेच झाले, मोठ्या प्रमाणावर. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराला, एक स्वस्त घरांना आणि एक मालकाला असा वाटा होता. 2001 च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि परळ-लालबागमध्ये चिमण्यांच्या जागी मनोरे उठले. वारसा म्हणून काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तेवढेच.

खान्देशने नावे जपली, भिंती सोडल्या. शाळेला, कॉलेजाला, पेठेला नाव आहे; ज्या छपराखालून त्या नावाचा पैसा आला ते छप्पर नाही. हे निष्काळजीपणाने झाले असे म्हणणे सोपे आहे. पण कॉलेजात रोज हजारो मुले येतात, म्हणून त्याची भिंत दरवर्षी रंगते. गिरणीत कोणी येत नाही, म्हणून तिचे पत्रे आधी जातात, मग लोखंडी खांब, मग सागवानी तुळया, आणि शेवटी विटा गाडीने विकल्या जातात. काम गेलेल्या गिरणीला खान्देशात कोणी दुसरे काम दिलेच नाही.

अमेरिकेत, कापसाचे भाव चढवणाऱ्या त्या युद्धाची दुसरी बाजू भोगलेले एक गाव आहे: मॅसॅच्युसेट्समधले लॉवेल. 1861 मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा तिथल्या गिरणीमालकांनी साठवलेला कापूस चढ्या भावात विकला आणि कामगारांना घरी पाठवले. म्हणजे ज्या भावाने जळगाव वाढले त्याच भावाने लॉवेलचे साचे थांबले. युद्धानंतर ते पुन्हा चालले, पण 1920 ते 1950 च्या दरम्यान धंदा दक्षिणेकडे निघून गेला आणि मैलोगणती विटांच्या इमारती रिकाम्या राहिल्या. पॅट्रिक मोगन नावाच्या शिक्षकाने तिथे आग्रह धरला की हे गाव हाच धडा आहे, तो पाडू नका. 1978 मध्ये अमेरिकन सरकारने लॉवेलच्या गिरण्या आणि कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले. बूट मिलच्या एका मजल्यावर 88 साचे आजही चालवून दाखवतात. तो आवाज ऐकून बाहेर आलेल्या मुलाला गिरणी म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. पण उरलेल्या बहुतेक मजल्यांवर संग्रहालय नाही. तिथे घरे आहेत, कचेऱ्या आहेत, चित्रकारांच्या खोल्या आहेत, विद्यापीठाचे वर्ग आहेत. एका मजल्यावर आठवण, बाकीच्या मजल्यांवर रोजचे काम.

योगायोग असा की त्याच 1978 मध्ये जळगावला भवरलाल जैन यांनी बंद पडायला आलेला केळी पावडरचा कारखाना 30 लाख रुपयांना घेतला. 1963 मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलच्या धंद्यात उतरलेल्या या माणसाने तिथली यंत्रे भंगारात काढली नाहीत. त्याच यंत्रांवर त्यांनी कच्च्या पपईच्या चिकापासून पेपेन काढायला सुरुवात केली. पेपेन औषधांना, खाद्यपदार्थांना लागते; परदेशात मागणी होती. आजारी कारखाना उठला आणि त्या पैशातून पुढे पाइप, ठिबक सिंचन असा पसारा वाढला. वारसा जपण्याचा तिथे प्रश्नच नव्हता, तरी पद्धत तीच: जे उभे आहे ते बघायचे, त्याला काय करता येईल ते शोधायचे. पाडून नवे बांधण्याचा हिशेब नंतर.

लहान प्रमाणावर ही पद्धत खान्देशात इतरत्रही आहे, फक्त गिरण्यांना लागलेली नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ कैकी मूस यांचे दगडी घर आहे. सोडावॉटर आणि मद्याचे दुकान चालवणाऱ्या पारशी कुटुंबातला हा कलावंत 1938 मध्ये इंग्लंडहून परतला आणि पुढची पन्नासएक वर्षे जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. 31 डिसेंबर 1989 रोजी तो गेला. त्याची छायाचित्रे, शिल्पे, मांडामांड त्याच घरात ठेवली आणि घर कलादालन झाले. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाईंचे घर स्मृतिसंग्रहालय झाले आहे. मातीच्या भिंती, धाब्याचे छप्पर आणि तिच्या वापरातल्या वस्तू बघताना निरक्षर बाईच्या ओव्या कुठल्या अंधारातून आणि कुठल्या उजेडातून आल्या ते कळते. धुळ्यात 1926 च्या शेवटच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे गेले; काही दिवसांतच गावकऱ्यांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ काढले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ज्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली, तो धुळ्याचा तुरुंग अजून तुरुंगच आहे. रोजचा उपयोग असल्याने तो उभा राहिला.

मग गिरण्यांचे आणि जुन्या जिनांचे काय करावे? आधी मोजावे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा करताना ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपण्याची तरतूद करता येते. राजाची छत्री किंवा किल्ला तेवढाच ऐतिहासिक, असे त्यात म्हटलेले नाही. नगरपालिकेने आपल्या हद्दीतली जुनी प्रेस, गोदामे, चाळी, पेढ्या यांची यादी केली, मोजमाप घेतले, फोटो काढले, तर पाडण्याच्या आधी निदान कागदावर काही राहील. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना असे काम हवेच असते.

दुसरी गोष्ट, काम द्यावे. गिरणीच्या छपराची करवतीच्या दातांसारखी रचना मुद्दाम केलेली असे. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. सूत तुटले तर डोळ्याला दिसले पाहिजे, यासाठी ती युक्ती. असा उजेड वाचनालयाला, शिवणवर्गाला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला, चित्रशाळेला हवा असतो. खांबांमधले अंतर मोठे, मजला भक्कम, छत उंच. नवी अभ्यासिका बांधायला लागणारा पैसा आणि अशा एका दालनाच्या छपराच्या दुरुस्तीचा पैसा समोरासमोर ठेवून बघायला हरकत नाही. अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वे मराठी साहित्य संमेलन झाले. त्याआधी 1952 मध्येही झाले होते. हजारो माणसे आली, मांडवात बसली आणि मांडव उतरवून गेली. प्रताप शेठांच्या गावात कायमचे छप्पर असलेले एखादे मोठे दालन त्या कामी असते, तर संमेलनानंतर ते वर्षभर गावाच्याच उपयोगाचे राहिले असते.

तिसरी गोष्ट कामगारांची. गिरणी जपली आणि तिच्यात काम केलेल्या माणसाचे देणे बुडले, तर ती जपणूक पोकळ. लॉवेलमध्ये भिंतींइतकीच कामगारांच्या आठवणींची नोंद झाली. खान्देशात साचेखात्यात आणि कताईखात्यात राबलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पाळी कशी बदलायची, सूत कसे जोडायचे, संपात घर कसे चालवले, हे त्यांच्याकडून ध्वनिमुद्रित करून घ्यायला इमारतीच्या मालकाची परवानगी लागत नाही. पैसाही फारसा लागत नाही. लागते ती घाई.

गावे उठवण्याचे कसब खान्देशला नवे नाही. बाळाजी बळवंत आणि ब्रिग्ज यांनी धुळ्यात ते करून दाखवले. दोघांनीही लोकांना भूतकाळाचे प्रेम शिकवले नाही. राहायला जागा दिली, उभे राहायला उचल दिली, आणि रोज जाण्यासारखे काम दिले. गिरण्यांच्या उरल्यासुरल्या भिंतींनाही याहून वेगळे काही नको आहे. नगरपालिकांनी जमिनीचा भाव मोजताना छपराखालच्या वापराचाही भाव मोजावा, म्हणजे पुढच्या पिढीला प्रताप शेठ आणि मुळजी जेठा ही नावे कॉलेजच्या पाटीवर तर दिसतीलच, आणि ती कशाच्या जोरावर तिथे आली तेही कळेल.